निळ्या रंगाखालचं लाकूड

मास्तरांनी गिटारची पेटी बाकावर ठेवली आणि झाकण उघडायच्या आधी विचारलं, "इथं बाहेरचं कोणी हात लावत नाही ना?"

"मी आणि आमचे जावई," अण्णा म्हणाले. "घरचंच दुकान आहे."

"जावई," मास्तर म्हणाले, त्या शब्दाची चव घेऊन बघावी तसे. मग त्यांनी झाकण उघडलं.

अण्णांचं दुकान म्हणजे घराच्या मागची लांबट खोली. पूर्वी तिथं खुर्च्या-कपाटांना पॉलिश व्हायचं. पुढे लोक जुनी कपाटं टाकून नवी घ्यायला लागले, तेव्हा अण्णा वाद्यांकडे वळले. वाद्य माणूस सहजासहजी टाकत नाही, एवढं त्यांनी ओळखलं होतं. सगळं एकहाती चाललं होतं. मग जावयाचा मोटारी रंगवण्याचा कारखाना बंद पडला आणि लेक-जावई सामानसुमान घेऊन राहायला आले. चार दिवसांसाठी म्हणून आले होते, त्याला आता वर्ष होत आलं होतं.

जावई कामाला वाघ होता. त्यात खोट काढायला जागाच नव्हती. पण तो बोलायचा कमी. अण्णांच्या तोंडात तीळ भिजत नसे, त्यामुळे गप्प माणूस दिसला की त्यांना वाटायचं, याच्या पोटात काहीतरी शिजतंय. त्यात हा जावई पडला. मुलगा असता तर कान धरून विचारलं असतं. जावयाला 'जावईबापू' म्हणायचं आणि चहाचा पहिला कप त्याच्यापुढे सरकवायचा, याच्या पलीकडे अण्णांची मजल जात नव्हती.

पेटीत इलेक्ट्रिक गिटार होती. भरीव अंगाची, निळी. म्हणजे एके काळी निळी. आता कडांना हिरवट झाक आली होती, जिथं हाताचं कोपर घासतं तिथं रंग जाऊन खालचं पांढरं अस्तर उघडं पडलं होतं, आणि पाठीवर बारीक भेगांचं जाळं झालं होतं. मास्तर लग्नाकार्यात, हॉटेलांत, क्लबांत उभी हयात हीच गिटार वाजवत आले होते. आता घरी शिकवण्या घ्यायचे.

"हा रंग सगळा उतरवा," मास्तर म्हणाले. "खालचं लाकूड दिसू द्या. वरून नुसता पारदर्शक हात मारा."

"खाली काय निघेल सांगता येत नाही हो," अण्णा म्हणाले. "कधीकधी रंग असतो तोच बरा असतो."

"मला ठाऊक आहे काय निघेल ते. एकसंध फळी आहे. कुठं सांधा नाही, जोड नाही. माझ्या थोरल्या भावानं घेऊन दिली, तेव्हाच सांगितलं होतं त्यानं. असलं लाकूड पुन्हा मिळायचं नाही म्हणून."

भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती, हे मास्तरांनीच पुढे सांगितलं. पण बोलताना त्यांचा चेहरा असा झाला होता की भाऊ बाहेर रस्त्यावर उभा आहे आणि आता आत येईल.

दुसऱ्याच दिवशी अण्णांच्या बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं होतं. पण डोळ्यातला दाब वाढला, डॉक्टरांनी ठेवून घेतलं, आणि अण्णांचा मुक्काम दवाखान्यातल्या एका डुगडुगत्या स्टुलावर पडला. गिटारचं सगळं काम जावयाकडे गेलं. तो रोज डबा घेऊन यायचा. एकदा त्यानं गिटारबद्दल काहीतरी सांगायला सुरुवात केली, पण तेवढ्यात नर्स आली, आणि कोणते थेंब कोणत्या डोळ्यात या विषयात अण्णा असे अडकले की मान हलवून "हं, हं, बरोबर" एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी दुकानाच्या दारातून एक नजर टाकली. गिटारचं अंग रंग उतरवून खुंटीला तारेनं टांगलेलं होतं. स्वच्छ काम. कुठं चरा नाही, कुठं जळल्याचा डाग नाही. बरं झालं, असं मनात म्हणून ते थेंब घालायला वळले.

मास्तर आले दुसऱ्या दिवशी दुपारी. लेक आणि जावई "जरा बाहेर जाऊन येतो" म्हणून निघून गेले होते.

"बघू तरी," मास्तर म्हणाले, आणि खुंटीपाशी जाऊन उभे राहिले.  मग त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"हे माझं नाही."

"अहो, असं कसं?"

"तुम्हीच बघा ना."

अण्णांनी बघितलं. खिडकीच्या उजेडात लाकूड फिकट पिवळं दिसत होतं आणि त्यात उभ्या रेषा होत्या. चार तुकडे सरसानं जोडून केलेलं अंग. दोन तुकडे रुंद, दोन अरुंद, एकाच्या लाकडातली नस इकडे तर दुसऱ्याची तिकडे. सांधे घट्ट होते, पण सांधे ते सांधेच.

"माझी एकसंध फळी होती," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचंच अण्णांना जास्त लागलं. "रंग लावून दिली तुमच्याकडे. रंग गेला, म्हणजे ओळख गेली. आता कोणतंही लाकूड टांगा आणि म्हणा हेच ते."

"मास्तर, इतकी वर्षं धंदा करतोय मी."

"तुमच्याबद्दल मी कुठं म्हणतोय? काम तुम्ही केलंत का हे?"

 "मी दवाखान्यात होतो," अण्णा म्हणाले.

मास्तरांनी दाराशी काढून ठेवलेल्या चपलांकडे पाहिलं. त्यात जावयाची कामाच्या वेळची, रंगाचे शिंतोडे उडालेली जोडी होती. "रविवारी येतो," ते म्हणाले. "तोवर माझं लाकूड सापडलं तर मी कुणाला काही विचारणार नाही."

ते गेल्यावर अण्णांनी अंग खुंटीवरून काढून हातात घेतलं. हलकं वाटलं. रंग गेला, त्याखाली सांधे बुजवायला भरतात ती लांबीची पुट्टी गेली, आतल्या तारा आणि वरची प्लॅस्टिकची पाटी निघाली, मग हलकं वाटणारच. हे त्यांना कळत होतं. पण एकदा हलकं वाटलं ते वाटलं. त्यांनी ते उलटंपालटं केलं. जिथं गिटारची मान येऊन बसते त्या खोबणीवर जावयानं कागदी टेप चिकटवली होती, अगदी कडेला कड लावून, कोपरे नखानं दाबून. इतकी निगा कोण घेतं, असं अण्णांच्या मनात आलं. आणि तिथून पुढे त्यांच्या मनाला लगाम राहिला नाही.

शेजारणीनं कालच सांगितलं होतं की तुम्ही नव्हता तेव्हा दुकानाचं घराकडचं दार सारखं बंद असायचं. जावईबापू एकदा स्कूटरवर जड गोणी घालून कुठंतरी गेले, हेही तिनंच सांगितलं होतं. तेव्हा अण्णांनी कानाआड केलं होतं. आता ती गोणी त्यांच्या डोळ्यांसमोर फुगू लागली. आणि ते फोन? जावयाला हल्ली फोन आला की तो अंगणात जायचा आणि पाठ करून बोलायचा.

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुपारी कुठं गेला होतात, जावईबापू?"

जावयानं लेकीकडे पाहिलं. लेकीनं पाण्याचा तांब्या उचलला. "बाजारात," ती म्हणाली.

"काय आणलंत?"

"काही नाही मिळालं मनासारखं."

अण्णांनी घास गिळला. मास्तर येऊन गेल्याचं सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. चोराला सावध करायचं नसतं, असा विचार त्यांच्या डोक्यात आला, आणि आपण 'चोर' हा शब्द कोणासाठी वापरला हे लक्षात येऊन त्यांना ठसका लागला. जावयानंच उठून पाणी दिलं.

निजताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिच्या एका डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी होती. दुसऱ्या डोळ्यानं ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"विचारा की सरळ," ती म्हणाली.

"काय विचारू? बापू, तुम्ही लाकूड पळवलंत का? उद्या लेक उठून गेली घरातून म्हणजे?"

"न विचारता असंच कुढत बसलात तर राहील का ती?"

"तुला काही कळत नाही. तू पडून राहा."

"मला एका डोळ्यानं दिसतंय तेवढं तुम्हाला दोन्हींनी दिसत नाही," ती म्हणाली आणि कुशीवर वळू नये असं डॉक्टरांनी सांगितलेलं असल्यामुळे नुसती गप्प झाली.

पुढचे दिवस अण्णांनी जावयावर पाळत ठेवण्यात घालवले. आपल्याच घरात माणसावर पाळत ठेवणं सोपं नसतं. पाणी प्यायला म्हणून उठायचं, अंगणात झाड बघायला म्हणून जायचं, आणि चप्पल वाजू नये म्हणून अनवाणी. असंच एकदा भिंतीआड उभं असताना त्यांच्या कानावर पडलं. जावई फोनवर बोलत होता.

"एकदम नको. थोडं थोडं हलवू." मग थोडा वेळ तो ऐकत राहिला. "नाही, घरी अजून कोणाला माहीत नाही. त्यांना कळलं की फार मनाला लावून घेतील."

 मनाला लावून घेतील! बापाच्या वयाच्या माणसाचं नाव धुळीला मिळालं तर तो मनाला लावून घेईल नाहीतर काय पेढे वाटेल?

दुसऱ्या दिवशी लेक आंघोळीला गेली आणि जावई दुकानात होता, तेव्हा ते त्या दोघांच्या खोलीत शिरले. हे आपण काय करतोय, असं एक मन म्हणत होतं. त्यांनी पलंगाखाली पाहिलं. माळ्यावर हात घातला. कपाटावरच्या चादरी चाचपल्या. लाकूड काही निघालं नाही. मग त्यांची नजर दाराला अडकवलेल्या बॅगेवर गेली. बॅग लेकीची होती, आणि तिची चेन ओढताना झालेला आवाज त्यांना सगळ्या घरात ऐकू गेल्यासारखा वाटला. आत एक किल्ली होती. मोठी, शटरच्या कुलुपाची असते तशी. या घरात असं कुलूप कुठंच नव्हतं.

म्हणजे लेकही सामील. हा विचार आला आणि अण्णा पलंगाच्या कडेवर बसले. लहानपणी ही पोरगी चोरून गुळाचा एक खडा खाल्ला तरी संध्याकाळपर्यंत आपणहून येऊन सांगायची. तिला जावयानं बिघडवली, असं त्यांनी ठरवलं, कारण दुसरं काही ठरवणं त्यांना सोसवलं नसतं.

शनिवारी दुपारी लेक आधी गेली आणि थोड्या वेळानं जावई निघाला. स्कूटर न घेता, पायी. अण्णांनी डोक्याला टोपी घातली आणि मागे निघाले. जावई सरळ चालत होता. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. आणि बेडर माणूस असाच चालतो, असंही अण्णांना वाटून गेलं. भाजीबाजार ओलांडला. सायकलवाल्यांची दुकानं गेली. मग एका गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून, एक अर्धं उघडलेलं शटर होतं. त्याच्याखालून वाकून जावई आत गेला.

अण्णा गिरणीच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले. टोपीवर पीठ बसत होतं. आत काहीतरी घासल्याचा आवाज येत होता. लाकूडच घासतायत. ते वाकून शटरखालून आत शिरले.

लेक केसांना फडकं बांधून भिंतीचा जुना रंग खरवडत होती. जावई खुर्चीवर चढून दिव्याची वायर बसवत होता. कोपऱ्यात एक जुना कॉम्प्रेसर, बादली, झाडू. बाकी खोली रिकामी. अण्णांनी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नजर फिरवली, पुन्हा फिरवली.

लेकीच्या हातातली खरवडणी खाली पडली. "बाबा! आईला काही झालं का?"

"आई बरी आहे."

"मग तुम्ही इथं कसे?"

 अण्णा खुर्चीवर उभ्या असलेल्या जावयाकडे बघून म्हणाले, "मास्तरांचं लाकूड कुठं आहे?"

"कुठलं लाकूड?"

"एका फळीचं. पेटीतून आलं होतं ते."

जावई सावकाश खाली उतरला. "पेटीतून आलं तेच खुंटीला टांगलंय."

"मास्तर म्हणतात ते त्यांचं नाही."

"कधी म्हणाले?"

"मंगळवारी."

"आणि तुम्ही आज विचारताय," जावई म्हणाला. तो ओरडला असता तर अण्णांना बरं वाटलं असतं.

लेक दोघांच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या कपाळावर भिंतीची धूळ बसली होती आणि हळूहळू तिला सगळं उमगत गेलेलं त्या धुळीखाली दिसत होतं. "माझ्या बॅगेची चेन अर्धी उघडी होती," ती म्हणाली. "मला वाटलं मीच विसरले." मग, "बाबा, तुम्ही आमच्या खोलीत गेला होतात?"

"मास्तर म्हणाले..."

"मास्तर गेले उडत. मी विचारतेय तुम्हाला."

अण्णा टोपी काढून हातात फिरवत राहिले. टोपीवरचं पीठ जमिनीवर सांडत होतं. शेवटी जावईच बोलला, वायर गुंडाळता गुंडाळता, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतो तेवढ्याच शब्दांत. ही जागा त्यांनी भाड्यानं घेतली होती. मोटारसायकली रंगवायचं काम सुरू करणार होते. मागे एक खोली होती, तिथंच राहणार होते. आईंचा डोळा बरा झाला की सांगू, असं ठरलं होतं. बाबांना वाटेल आपल्याला सोडून चाललेत, म्हणून आधी बोलले नाहीत.

"आणि गोणी?" अण्णांच्या तोंडून निघून गेलं.

"कोणती गोणी?"

"स्कूटरवरून नेलीत ती."

जावई त्यांच्याकडे बघतच राहिला. "रंगाचा लगदा होता तो. रिमूव्हर लावून खरवडलेला. तो गटारात टाकता येत नाही, घरात ठेवला तर आई परत आल्यावर त्यांच्या डोळ्याला वाफ लागली असती. घरात वास मुरू नये म्हणूनच तर घराकडचं दार बंद ठेवून काम केलं." आणि मग, "मी दवाखान्यात सांगितलं होतं तुम्हाला. आतून चार तुकडे निघालेत, मास्तरांना आधी कळवू या का म्हणून. तुम्ही 'बरोबर' म्हणालात."

गिरणीचा पट्टा सुरू झाला आणि भिंत थरथरू लागली. 

घरी परतताना जावई पुढे गेला. लेक अण्णांबरोबर चालत होती, पण हातभर अंतर ठेवून. रस्ता ओलांडताना ती लहानपणापासून त्यांची बाही धरायची. आज धरली नाही.

दुकानात जावयानं लाकूड खुंटीवरून काढून बाकावर पालथं ठेवलं. "टेप काढा," तो म्हणाला.

"तुम्हीच काढा."

"नाही. तुम्ही काढा."

अण्णांनी खोबणीवरची टेप नखानं उचलली. खाली निळा रंग होता. उन्हातान्हात न आलेला, हात न लागलेला, गडद निळा. मानेची खोबणी कधी तासायची नाही, नाहीतर मान सैल बसते, हे अण्णांनीच त्याला शिकवलं होतं. त्या रंगातून एक बारीक खोलगट रेषा गेली होती. रेषा रंगाच्या कडेपर्यंत आली आणि पुढे उघड्या लाकडावर तोच सांधा होऊन तळापर्यंत उतरली. आणि खोबणीच्या तळाशी, रंगाला चिकटून, माचिसच्या पुठ्ठ्याची एक पट्टी होती; मान जरा उचलून यावी म्हणून कोणीतरी सरकवलेली.

"ही मी काढली नाही," जावई म्हणाला. "ज्यानं घातली त्याला लागेल म्हणून."

अण्णांनी वर पाहिलं. "जावईबापू, मी..."

"रविवारी मास्तर येतील तेव्हा मी इथं असेन," जावई म्हणाला आणि आत गेला.

मास्तर आले ते तोंड घट्ट मिटून. जावयानं बाक पुसला, लाकूड त्यांच्यापुढे ठेवलं आणि खोबणीवर बोट ठेवलं. मास्तर वाकले. पट्टीवर त्यांनी अंगठा फिरवला.

"ही मी घातली होती," ते हळूच म्हणाले. "तारा फार खाली बसत होत्या. एका कार्यक्रमाला जायच्या गडबडीत, जिन्यावर बसून."

मग त्यांचं बोट रेषेवर आलं. रंगातून उघड्या लाकडावर, उघड्या लाकडावरून पुन्हा रंगात, असं ते बराच वेळ फिरत राहिलं.

"म्हणजे आधीपासूनच."

"आधीपासूनच," जावई म्हणाला. "म्हणून तर लांबीची पुट्टी आणि अस्तर भरून वरून दाट रंग दिला होता. सांधे दिसू नयेत म्हणून."

अण्णांनी खुर्ची पुढे केली. मास्तर बसले. "भाऊ लाकडाच्या वखारीत कामाला होता," ते म्हणाले. "त्याला कोणी फसवलं असेल असं म्हणता येत नाही मला."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील," अण्णा म्हणाले.

"तेच म्हणतोय मी." मास्तर लाकडाकडे बघत होते. "वडील गेले तेव्हा मी दौऱ्यावर होतो. वडिलांना माझं वाजवणं कधी पटलं नाही. पण शेवटी म्हणाले म्हणे, धाकट्याच्या हातात गोडवा आहे. हे मला भावानंच सांगितलं. तिथं दुसरं कोणी नव्हतं."

 आठवडाभर अण्णा संशयाच्या ज्या किड्याला आपल्या घरात पोसत होते तो आता मास्तरांच्या अंगावर चढताना त्यांना दिसत होता, आणि त्याला झटकायची युक्ती त्यांच्याजवळ नव्हती.

"पारदर्शक हातही छान दिसेल," जावई म्हणाला. "जोडणाऱ्यानं तुकडे निवडून लावलेत. बघा, ही नस इथं कशी वळवून घेतलीय."

"दिसेल छान," मास्तर म्हणाले. "पण रोज दिसेल. तुम्ही पुन्हा निळाच द्या." दारापर्यंत गेल्यावर ते थांबले. "मी तुमच्याबद्दल वेडंवाकडं बोललो होतो यांच्याजवळ."

"मला कोणी सांगितलं नाही," जावई म्हणाला.

निळा रंग जावयानंच दिला, मोटारींना देतात तसा, फवाऱ्यानं, पातळ पातळ थर वाळवत. अण्णांना त्यात बोट दाखवायला जागा सापडली नाही आणि त्यांनी शोधलीही नाही. मास्तर पेटी घेऊन गेले. पट्टी आपल्या जागी बसली होती.

महिनाअखेरीस लेक-जावई गल्लीतल्या जागेत राहायला निघाले. भांडण असं झालंच नाही. लेक आईच्या डोळ्यात थेंब घालायला रोज यायची, अण्णांना चहाही करून द्यायची. फक्त आपण होऊन काही सांगायची नाही. अण्णांनी एकदा तिच्यापाशी माफी मागितली. "ठीक आहे बाबा," ती म्हणाली, आणि तिच्या 'ठीक आहे'नंतर त्यांना दुसऱ्यांदा मागायचा धीर झाला नाही.

निघायच्या सकाळी जावयानं त्यांना दुकानात बोलावलं. बाकावर त्यानं जुनी चादर पसरली होती आणि तिच्यावर दुकानातली सगळी हत्यारं ओळीनं मांडली होती. हीट गन, पेचकस, पान्हे, ब्रश, रंधा, पटाशा. सगळं पुसून लख्ख केलेलं. शेजारी त्याची स्वतःची पिशवी होती, तोंड उघडं ठेवलेली.

"बघून घ्या," जावई म्हणाला.

"अहो, हे काय चालवलंय. गरज नाही याची."

"बघाच. माझी पिशवीही बघा."

"जावईबापू, माझं चुकलं. अजून कसं सांगू?"

"चुकलं ते झालं. पण उद्या एखादी वस्तू जागेवर नसली तर तुमच्या मनात पहिलं नाव माझं येईल. तुम्ही म्हणणार नाही, पण येईल. म्हणून आत्ताच बघा."

येणार नाही, असं अण्णांना म्हणायचं होतं. पण त्यांची नजर चादरीवर गेली होती आणि एका टोकापासून निघून ती एकेका हत्यारावरून सरकत चालली होती. पटाशांच्या शेवटी ती अडखळली. रंग खरवडायची पातळ पोलादी पट्टी तिथं असायला हवी होती. त्यांनी चादरीचा कोपरा जरासा उचलून पाहिला. मग, अगदी पापणी लवावी एवढाच वेळ, उघड्या पिशवीकडे.

वर पाहिलं तेव्हा जावई त्यांच्याकडेच बघत होता.

"पट्टी तुमच्या खिशात आहे," तो म्हणाला. "सकाळी खिडकीचा रंग काढत होतात."

अण्णांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि पट्टी काढून चादरीवर, पटाशांच्या शेजारी ठेवली. जावयानं पिशवीचं तोंड बांधलं, ती खांद्याला अडकवली, वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि "येतो" म्हणून निघाला. बाहेर लेकीनं स्कूटर सुरू केल्याचा आवाज आला. अण्णा चादरीची चार टोकं हातात घेऊन उभे होते. ती उचलावी की तशीच राहू द्यावी, हे त्यांना बराच वेळ ठरवता आलं नाही.